एक ना धड, भाराभर चिंध्या?

एम. ए. भाग २ (अर्थशास्त्र)

मराठी भाषेने आळशी माणसाची जेवढी थट्टा केली आहे, त्याहून अधिक उद्योगी माणसाची केली आहे. आळशाला ‘असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी’ एवढे सुनावून ती मोकळी होते. पण एकाहून अधिक कामांत हात घालणारा कोणी दिसला, की तिच्या पोतडीतून एकामागून एक म्हणी बाहेर पडू लागतात. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ ही त्यांतली थोरली. ‘दोन डगरींवर हात’ ही तिची धाकटी बहीण. गेल्या तीन वर्षांत या दोघी बहिणींनी माझा इतका पाठलाग केला आहे, की पदवीची अक्षरे लिहितात त्याप्रमाणे त्या माझ्या नावापुढे लिहून टाकाव्यात, असे मला कधी कधी वाटते.

याला कारण माझा दिनक्रम. सकाळी साडेसहा ते नऊ मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतो. दुपारी महाविद्यालयात अर्थशास्त्राच्या तासांना बसतो. लग्नसराईत आणि उत्सवांच्या दिवसांत संध्याकाळी माझा मुक्काम साउंडच्या टेम्पोवर असतो आणि लोक मला ‘डीजेवाला’ म्हणतात. मधूनमधून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमात पाच-दहा मिनिटे बोलायला मिळते. आणि आता गावातल्या एका पॅनेलने ग्रामपंचायतीच्या येत्या निवडणुकीसाठी माझे नाव पुढे करायचे मनात घेतले आहे. वाचकहो, चिंध्या मोजून पाहिल्यात तर पाच भरतील!

‘हे सगळे तुला जमते कसे?’ असे मला वर्गमित्र विचारतात, गुरुजन विचारतात, घरी आईही विचारते. या प्रश्नात प्रत्येकाला वेळेची चिंता दिसते. पण प्रश्न निव्वळ वेळेचा असता, तर तो घड्याळाने केव्हाच सोडविला असता. पहाटे तासभर लवकर उठावे, रात्री तासभर उशिरा झोपावे, की झाले! माझ्यापुढे उभा राहिलेला प्रश्न निराळा आहे. त्याचे उत्तर शोधता शोधता जे सुचले, ते या पानांवर मांडतो.

आधी आमच्या गावाविषयी दोन शब्द. शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेच्या काठी आमचे गाव. नदीच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. महाविद्यालय आणि तहसील कचेरी शिरूरला, म्हणजे जुन्या माणसांच्या भाषेत घोडनदीला. रेल्वे आणि निम्मे सोयरे दौंडच्या बाजूला. २००८ च्या फेररचनेनंतर तर पूल ओलांडला की खासदारही बदलतो. अलीकडची गावे शिरूर लोकसभा मतदारसंघात, पलीकडची बारामतीत. तेव्हा दोन तोंडांनी जगायची सवय आम्हाला गावानेच लावली आहे. दौंड हे तर जंक्शनच. १८७८ साली तेथून मनमाडकडे फाटा निघाला. आज पुणे, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार वाटांचे रूळ तेथे एकत्र येतात. पण कोणी सांधा बदलल्यावाचून एका वाटेची गाडी दुसऱ्या वाटेला जात नाही. लहानपणी त्या फलाटावर उभा राहून मी हा चमत्कार तासन्‌तास पाहत असे.

आता माझ्या कामांकडे वळतो. पिग्मी हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे, की तो परका वाटत नाही. १९२८ साली उडुपीच्या एका बँकेने ही योजना सुरू केली. पुढे ती सिंडिकेट बँक या नावाने ओळखली गेली. बँकेचा माणूस रोज दारात येणार आणि अगदी दोन आणेसुद्धा ठेव म्हणून घेणार, ही कल्पना त्या काळी नवी होती. ती बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, पण तिची पिग्मी गावोगावच्या पतसंस्थांनी चालू ठेवली आहे. माझ्या फेरीत वडापावचा गाडा येतो, पिठाची गिरणी येते, दोन शिंपी, एक केशकर्तनालय, दूध संकलन केंद्र आणि बरीचशी घरे येतात. कोणी वीस रुपये देतो, कोणी पन्नास, कोणी शंभर. हातातल्या यंत्रातून चिठ्ठी निघते. दिवसाकाठी सहा-साडेसहा हजार जमले, तर शेकडा तीन रुपयांप्रमाणे मला १८० ते १९५ रुपये सुटतात. माझ्या शिक्षणाचा खर्च त्यातूनच भागतो.

परंतु पैशाबरोबर आणखी एक वस्तू माझ्या हाती येते आणि तिची चिठ्ठी कोणतेही यंत्र देत नाही. ती वस्तू म्हणजे माहिती. शंभर देणारा वीसवर आला, की त्या घरी काहीतरी बिनसले आहे हे मला गावाच्या आधी कळते. कोणी मुदतीपूर्वी ठेव मोडली, की दवाखाना की मुलीची फी, हेही कळते. फेरीतल्या एक मावशी शिवणकाम करतात. त्या रोज वीस रुपये देतात आणि घरात त्याची कोणालाच खबर नाही. दार अर्धे उघडून, पदराआडून त्या नोट पुढे करतात. बँकेतल्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतल्या ठेवीला ते कवच नाही. म्हणजे मावशींच्या वीस रुपयांच्या मागे उभे आहेत ते पतसंस्थेचे संचालक आणि दारात येणाऱ्या माणसाचा चेहरा. सहकाराची मोठमोठी तत्त्वे पुस्तकात वाचताना मला नेहमी तो पदराआडचा हात आठवतो.

दुसरे काम साउंडचे. आमच्या भागात साउंड सिस्टीमला सरसकट ‘डॉल्बी’ म्हणतात. गंमत अशी, की ज्या डॉल्बी कंपनीने ध्वनिमुद्रणातली खरखर कमी करण्याचे तंत्र काढून नाव मिळविले, तिचेच नाव आमच्याकडे कानठळ्यांना मिळाले आहे! माझ्या चुलत्यांच्या काळी दोन कर्णे, एक ॲम्प्लिफायर आणि तबकड्यांची पेटी एवढ्यावर लग्न पार पडे. आज त्यांचा मुलगा आणि मी मिळून बेस, टॉप, मिक्सर आणि जनरेटर असा संसार टेम्पोवर मांडतो. नाचणाऱ्यांना वाटते, की डीजेवाला केवळ गाणी बदलतो. खरे काम मिक्सरवर चालते. त्यावर प्रत्येक आवाजाची वाट वेगळी असते. सनईची निराळी, ढोलकीची निराळी, निवेदकाच्या माईकची निराळी. एकाचा आवाज दुसऱ्यात घुसू न देणे ही निम्मी विद्या. उरलेली निम्मी म्हणजे केव्हा थांबायचे ते कळणे. ध्वनी दहा डेसिबलने वाढला की त्याची शक्ती दहापट होते, हे मंडपात नाचणाऱ्या पोरांना सांगून पटत नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल एवढीच मर्यादा आहे आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सणासुदीच्या मोजक्या दिवशी सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते, तेवढीच. दहाचा ठोका पडताना ‘भाऊ, एकच गाणं अजून!’ म्हणणारे वीस जण समोर असतात, आणि शेजारच्या घरात दहावीचा अभ्यास करणारी पोर किंवा अंथरुणाला खिळलेला म्हातारा दिसत नसतो. न दिसणाऱ्याचाही कान असतो, हे ध्यानात ठेवणे म्हणजे या धंद्यातली सचोटी.

या भोंग्याच्या शेजारी आकाशवाणी ठेवून पाहिली म्हणजे मोठा फरक दिसतो. रेडिओचे बटण ऐकणाऱ्याच्या हाती असते, भोंग्याचे वाजविणाऱ्याच्या. पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. पुढे १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्राने एक प्रयोग केला. पुणे, नाशिक, कोल्हापूर, त्या वेळचा अहमदनगर आणि उत्तर सातारा अशा पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा अर्धा तास कार्यक्रम लागे. मंडळी एकत्र बसून तो ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न केंद्राकडे पाठवीत. या प्रयोगाचा बोलबाला पुढे जगभर झाला. मला त्यातले मर्म असे वाटते, की तेथे बोलणाऱ्याला ऐकावेही लागत होते. मी स्वतः तेथे ठिबक सिंचन आणि पीककर्ज यांवर दोन-तीनदा बोललो आहे. लाल दिवा लागला की समोर माणूस नसतो, फक्त भिंत असते, आणि तरीही खोटे बोलायला जीभ धजत नाही. मंडपात टाळ्या मिळाल्या की जीभ सैल सुटते. स्टुडिओतल्या शांततेत ती आपोआप ताळ्यावर येते.

येथवर सारे ठीक चालले होते. कामे निराळी, वेळा निराळ्या. मग निवडणुकीचे वारे वाहू लागले. एके संध्याकाळी पॅनेलचे प्रमुख, ज्यांना सारे गाव तात्या म्हणते, घरी येऊन बसले. चहा झाल्यावर म्हणाले, “तुझ्यासारखा उमेदवार दिवा लावून शोधला तरी मिळायचा नाही. रोज सकाळी शंभर उंबरे फिरतोस. दुसऱ्याला एवढं फिरायला महिना लागेल. आवाज तर सगळ्या पंचक्रोशीला पाठ आहे. आणि हे बघ, प्रचाराचा सगळा साउंड तुझाच. भाडं रोख.”

ऐकायला हे गोड होते. राजकारणाची मला नावड आहे असे नाही. आमच्या वाडीचा पिण्याच्या पाण्याचा प्रश्न, शाळेची गळकी खोली, रात्री अंधारात बुडणारा ओढ्याचा रस्ता ही कामे व्हावीत असे मनापासून वाटते. आणि ‘राजकारण घाणेरडे आहे’ असे म्हणून दुरून नाक मुरडणे मला पटत नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने गावचे अंदाजपत्रक तरी वाचायला शिकावे की नाही? पतसंस्थेच्या व्यवस्थापकांना विचारले. ते म्हणाले, “तू आमचा पगारी नोकर नाहीस, कमिशनवर आहेस. उभा राहा, आमची हरकत नाही.” म्हणजे कायद्याची वाट मोकळी होती.

पण गावात बातमी कानोकानी पसरते. दोन दिवसांनी सकाळच्या फेरीत शिवणकाम करणाऱ्या मावशींच्या दारात उभा राहिलो. त्यांनी दार नेहमीसारखे अर्धे उघडले, पण नोट पुढे केली नाही. माझ्याकडे क्षणभर पाहून म्हणाल्या, “आरं, आज कशाला आलास? पैसं न्यायला, का मत मागायला?”

मी पैसेच न्यायला गेलो होतो आणि तसे सांगितलेही. त्यांनी नोट दिली. परंतु त्यांचा प्रश्न मात्र माझ्याबरोबर घरी आला, एस. टी.त बसून शिरूरला आला, आणि सरांच्या तासालाही माझ्या शेजारी बसला. पाच कामे एकाच माणसाने करावीत का, हा तो प्रश्न नव्हताच. दारात उभा असलेला हा माणूस या घटकेला त्या पाचांपैकी कोण आहे, हे समोरच्याला कळले पाहिजे, असे त्या अडाणी म्हणविणाऱ्या बाईंचे म्हणणे होते.

या प्रश्नाचा धागा धरून मी थोरामोठ्यांच्या चरित्रांकडे वळलो. अनेक कामे एका जन्मात करणाऱ्यांची महाराष्ट्रात वाण नाही. चिंतामणराव देशमुख हे त्यांतले अग्रणी. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९५० मध्ये केंद्रीय अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. त्यांच्याच कारकिर्दीत १ जुलै १९५५ रोजी इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली. आणि या साऱ्या आकडेमोडीच्या धबडग्यात हा गृहस्थ संस्कृतात कविता रचीत होता! पण मला त्यांचे मोठेपण या यादीपेक्षा १९५६ सालच्या त्यांच्या कृतीत दिसते. मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय झाला, तेव्हा अर्थमंत्र्याची खुर्ची आणि ज्यांनी निवडून दिले त्या लोकांची बाजू यांची बेरीज जुळेना. चिंतामणरावांनी राजीनामा दिला. हिशेबनिसाचा स्वभाव तो! ताळेबंद जुळत नसेल तर कागद रंगवून तो जुळवायचा नसतो.

त्याच काळात पुण्याच्या आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ चालू होते. एप्रिल १९५५ पासून वर्षभर, एकूण ५६ गीते. त्याचे कवी ग. दि. माडगूळकर पुढे १९६२ ते १९७४ अशी बारा वर्षे विधान परिषदेचे सदस्य होते. संगीतकार सुधीर फडके यांनी तर त्याच्या आदल्याच वर्षी, १९५४ मध्ये, दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामात भाग घेतला होता. एकीकडे हार्मोनियम, दुसरीकडे पोर्तुगीज सत्तेशी झुंज! बँकेत नोकरी करता करता रंगभूमी गाजविणाऱ्यांत स्टेट बँकेतले अशोक सराफ आणि बँक ऑफ इंडियातले अमोल पालेकर ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. आणि फार लांब कशाला जा? आमच्या शिरूर मतदारसंघाचे खासदार डॉ. अमोल कोल्हे हे शिक्षणाने डॉक्टर, व्यवसायाने अभिनेते. मे २०१९ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले तेव्हा त्यांची ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ ही मालिका दूरचित्रवाणीवर चालूच होती, ती संपली फेब्रुवारी २०२० मध्ये. २०२४ मध्ये लोकांनी त्यांना पुन्हा निवडून दिले.

येथे एक शंका कोणीही घेईल. पडद्यावरची कीर्ती मतपेटीपर्यंत पोचतेच की नाही? मग पिग्मीवाल्याची ओळख पोचली तर काय बिघडले? या शंकेवर मी पुष्कळ विचार केला. मला दिसणारा फरक असा. नटाची कीर्ती उघड्यावर असते. मतदार तिला पाहतो, तिचे मोल स्वतः ठरवितो आणि नको असेल तर बाजूला सारतो. कवीचे गाणे, वक्त्याचा आवाज यांचेही तसेच. पण पिग्मीवाल्याजवळ जे असते ते झाकलेले असते. कोणाची ठेव किती, कोणाचे घर अडचणीत, कोणी घरच्यांपासून काय लपविले आहे, हे लोकांनी मला माझ्या गुणांसाठी सांगितलेले नाही, त्यांच्या गरजेपोटी माझ्यापुढे उघडे केले आहे. मत मागायला मी त्याच दारात गेलो आणि तोंडातून एक शब्दही वावगा काढला नाही, तरी समोरच्या माणसाच्या मनात भीती उभी राहणारच: ‘याला नाही म्हटले तर?’ ती भीती मी घातलेली नसेल, पण तिचा लाभ मात्र माझ्या पदरात पडेल.

साउंडच्या धंद्यात एक अनुभव पुष्कळदा येतो. हौशी निवेदक माईक हातात घेऊन फिरत फिरत आपल्याच स्पीकरसमोर जाऊन उभा राहतो. माईकने घेतलेला आवाज स्पीकर मोठा करतो, तोच पुन्हा माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होतो आणि क्षणात अशी कर्कश शिट्टी वाजते, की सारा मंडप कानांवर हात ठेवतो. माईक चांगला असतो, स्पीकरही चांगला असतो. दोष असतो तो दोघे समोरासमोर येण्यात. ऑपरेटर धावतो आणि माईक बाजूला करतो, उपाय एवढाच. सार्वजनिक जीवनातल्या पुष्कळशा शिट्ट्या मला अशाच वाटतात. संस्थेच्या पैशातून सत्ता, सत्तेतून पुन्हा संस्था. स्वतःच्या भोंग्यातून स्वतःची स्तुती, आणि त्या स्तुतीवर आणखी मोठा भोंगा. यात लबाड माणूसच सापडतो असे नाही. भला माणूसही चुकीच्या जागी उभा राहिला की शिट्टी वाजतेच.

कायदा करणाऱ्यांना हे कळले होते, असे दिसते. ग्रामपंचायत अधिनियम १९५८ सालचा. त्याच्या १४व्या कलमाप्रमाणे पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात ज्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल, तो सदस्य राहण्यास अपात्र ठरतो. म्हणजे उद्या मी सदस्य झालो आणि पंचायतीच्या कार्यक्रमाला माझाच साउंड भाड्याने लावला, तर सदस्यत्व गमवावे लागेल. कायद्याने येथे माईक आणि स्पीकर दूर ठेवले आहेत. पण पिग्मीच्या वहीबद्दल कायदा गप्प आहे. कायदा जेथे गप्प बसतो, तेथे माणसाला स्वतःच बोलावे लागते.

मी चार गोष्टी ठरविल्या आणि तात्यांना सांगितल्या. अर्ज भरायच्या आधी माझ्या प्रभागातली पिग्मीची फेरी दुसऱ्या प्रतिनिधीकडे सोपवायची. निवडून आलो तर मुदत संपेपर्यंत ती त्याच्याकडेच राहील. गावातल्या कोणत्याही पॅनेलच्या प्रचाराला, आमच्याही, आमचा साउंड द्यायचा नाही. निवडणूक होईपर्यंत आकाशवाणीवर बोलायला जायचे नाही. आणि पतसंस्थेतल्या कोणाच्याही खात्याविषयी पॅनेलच्या बैठकीत एक अक्षर काढायचे नाही. तात्यांनी पहिल्या तीन गोष्टी हसण्यावारी नेल्या, चौथीवर मात्र त्यांचा चेहरा उतरला. “मग तुला घेऊन आम्हाला फायदा काय?” असे ते म्हणाले नाहीत, पण म्हणायचे होते ते हेच, हे मला कळले. अजून माझे नाव पक्के नाही.

यात माझे नुकसान आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही. प्रभागातून रोज अडीच हजार तरी जमतात. म्हणजे दिवसाचे ७५ रुपये आणि महिन्याचे सुमारे दोन हजार गेले. प्रचाराचे भाडे गेले ते निराळेच, आणि त्यात चुलतभावाचा निम्मा वाटा होता. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आईला फीची काळजी लागली. आबा मात्र तंबाखू मळता मळता म्हणाले, “निवडणुकीपायी लोक जमिनी विकतात. तू कमिशनवर भागवतोयस, स्वस्तात पडलं.”

माझ्या मते, अनेक कामे करणाऱ्या माणसाची कसोटी त्याच्या धावपळीत नाही. पैसा, मत आणि कान या तिन्ही वस्तू दुसऱ्याच्या आहेत. खजिनदाराकडे पैसा, पुढाऱ्याकडे मत, निवेदकाकडे कान ठेवीसारखे दिलेले असतात. एका माणसाने तिन्ही ठेवी सांभाळाव्यात, त्याला माझी हरकत नाही. पण एकीचे व्याज दुसरीच्या खात्यावर चढू नये. तसे चढू लागले की कामे पाच असोत वा दोनच, त्यांच्या चिंध्या व्हायला वेळ लागत नाही. आणि आपल्यापैकी पुष्कळांना उद्या हेच करायचे आहे. कोणी बँकेत जाईल, कोणी शिक्षक होईल, कोणी वार्ताहर. आणि गावाकडे पाहायचे तर प्रत्येकाला थोडेफार राजकारणही करावे लागेल. एकच काम धरून बसण्याचे दिवस आता फारसे उरलेले नाहीत.

हे सारे लिहिताना वाटते तितके नीटनेटके मात्र नसते. नवा मुलगा फेरीला येईल हे सांगायला मी मावशींकडे गेलो, तेव्हा त्या खूश होतील असा माझा अंदाज होता. त्यांच्या कपाळाला आठी पडली. “म्हंजी माझं खातं आता आणखी एकाला कळनार?” ही बाजू माझ्या हिशेबात नव्हती. विश्वास ही काही वही नव्हे, की या हातातून त्या हातात दिली. मी गप्प उभा राहिलो. मग त्याच म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे. निवडणूक होईस्तोवर मी डब्यात टाकीन. तू मोकळा झालास का ये.”

मी हसून म्हटले, “आणि मावशी, उभा राहिलो तर मत?”

त्यांनी दार लोटता लोटता उत्तर दिले, “पैसं किती ठेवलं ते तुला ठाव हाय. मत कुनाला दिलं ते मातुर कळू द्यायची न्हाई.”

लोकशाहीवर मी आजवर बरीच व्याख्याने ऐकली आहेत. याहून थोडक्यात ती मला कोणी समजावून सांगितल्याचे आठवत नाही.